चालू राहिलेलं रेकॉर्डिंग

सनईच्या मागे घरघर होती.

मी इअरफोन काढले, ओढणीच्या टोकानं पुसले, पुन्हा घातले. घरघर तशीच. खोलीबाहेर जनरेटर चालू होता. त्याचा आवाज आत येत असेल म्हणून मी फोन घेऊन अंगणातल्या जीपमध्ये जाऊन बसले आणि काचा वर केल्या. सनई पहिल्यापासून लावली. भीमपलास होता. वाजवणारा कसलेला होता. आणि त्याच्या सुरांखालून, कुणीतरी शेजारी दळण दळत बसल्यासारखी, ती घरघर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालली होती.

नेगी, आमचा ड्रायव्हर, काचेवर टकटक करत आला. त्याच डोंगरातला, किन्नौरचा माणूस. आमचं बोलणं हिंदीत चालायचं.

"मॅडम, कुठं जायचंय का?"

"नाही. गाणं ऐकतेय."

"गाडीत?"

"गाडीत."

तो हसला आणि चहाच्या टपरीकडे निघून गेला. मी तिथेच बसून राहिले. घरघरीचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. जयसिंगनं ती राहू दिली, याचं वाटलं होतं.

जयसिंग माझा नवरा. म्हणजे तेव्हा नव्हता. घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली होती. मी भूगर्भशास्त्र शिकलेली, जलविद्युत प्रकल्पांच्या बोगद्यांवर काम करणारी. स्फोट झाला, धूर गेला, ढिगारा उपसला की हेल्मेट घालून आत जायचं आणि समोरचा उघडा पडलेला खडक तपासायचा, हे माझं काम. तो कऱ्हाडचा. राहत्या घराच्या मागच्या खोलीत त्याचा लहानसा स्टुडिओ होता. भजनी मंडळं, शाळांची गॅदरिंग, लग्नातले सनईवाले, गावोगावचे पेटीवाले आणि पखवाजी, असं सगळं तो रेकॉर्ड करायचा. त्यातलं निम्मं कुणी सांगितलेलं नसायचं. ऐकायला बरं वाटलं म्हणून माइक घेऊन जायचा.

आणि आवाजाच्या बाबतीत तो असा होता की एका म्हाताऱ्या पेटीवाल्याचं रेकॉर्डिंग चालू असताना शेजारच्यांचा पंखा कुरकुरायला लागला, तर हा रेकॉर्डिंग थांबवून शेजारी गेला आणि स्टुलावर चढून पंख्यात तेल घालून आला. पेटीवाले तोवर झोपून गेले होते. त्यांना उठवून पुन्हा पहिल्यापासून वाजवायला लावलं.

आमचं भांडण म्हणावं असं कधी झालं नाही. मी वर्षाचे बहुतेक महिने डोंगरात असायचे. घरी आले की बोलून घ्यावंसं वाटायचं, इतकं साठलेलं असायचं. तो कानांवर हेडफोन चढवून, माझ्याकडे पाठ करून बसलेला असायचा. मी दारातून हाक मारायचे. एकदा, दोनदा. मग स्वयंपाकघरात जाऊन आक्कांशी, म्हणजे त्याच्या आईशी, बोलत बसायचे. असं काही वर्षं चाललं. शेवटी एकदा मीच म्हटलं की आपण दोघंही एकटेच राहतोय, मग कागदावरही तसंच असू दे. तो म्हणाला, "तुला तसं वाटत असेल तर." एवढंच बोलणं झालं.

भांडी, पुस्तकं, कपाटं, सगळ्याची विभागणी झाली. एका वस्तूचा विषय मात्र कुणी काढला नाही. तो कपाटावरचा डबा.

डबा हे नाव आक्कांचं. तो खरं म्हणजे जुना कॉम्प्युटर होता. मी पहिल्यांदा लांबच्या साइटवर निघाले तेव्हा जयसिंगनं त्यात मोठ्या डिस्क बसवल्या, आपली सगळी रेकॉर्डिंग त्यात भरली, घरातल्या सीडी आणि कॅसेट उतरवून घेतल्या, आणि डबा घरच्या इंटरनेटला जोडून कपाटावर चढवला. दिवसरात्र तो चालूच. माझ्या फोनवर एक ॲप घालून दिलं. जिथं नेट मिळेल तिथं हवं ते निवडायचं, ते फोनमध्ये उतरायचं, आणि मग नेट असो वा नसो, ऐकता यायचं. "कुठल्या कंपनीची भानगड नको," तो म्हणाला होता. "आपलं गाणं आपल्या घरात. तू बोगद्यात असलीस तरी तुझ्याजवळ." त्या डब्यात दोनच नावं होती, त्याचं आणि माझं.

कोर्टातून सुटल्यावर मी पहिल्यांदा रामपूरला आले, लॉजचं वायफाय जोडलं आणि ॲप उघडलं. आपलं नाव काढून टाकलेलं असणार असं धरूनच चालले होते. पण ते उघडलं. वरच नवी रेकॉर्डिंग होती. काढायचं विसरला असेल असं मला वाटलं. पुढच्या वेळीही उघडलं. मग मी त्याबद्दल विचार करणं सोडून दिलं. कॅम्पवर मोबाइलला रेंज नव्हती. दोन-चार आठवड्यांनी नेगीबरोबर रामपूरला सामान आणायला जायचं, फोन भरून घ्यायचा, आणि परत येऊन नदीकाठच्या त्या पत्र्याच्या खोलीत ते ऐकत राहायचं. माझ्याशी मराठीत बोलणारं तिथं तेवढंच होतं.

आणि आता ही घरघर.

पुढच्या खेपेला एक अभंग उतरवला, तर त्याची सुरुवातच कापलेली. गाणारी बाई ओळीच्या मधूनच उगवली. नंतर एका बँडचं रेकॉर्डिंग आलं. त्यात ढोल इतका जवळ की सगळं फाटलेलं. मी चिडले. मग माझ्या मनात आलं की हे जयसिंगचं काम नव्हेच. घरात दुसरं कुणीतरी आलंय. नवी बायको असेल, तिला हौस असेल, आणि हा कौतुकानं तिच्या हातात माइक देत असेल. मला तर त्यानं हेडफोनला हातसुद्धा लावू दिला नव्हता.

हे मनात आलं तेव्हा मला वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. पण वाटलं. त्या खेपेला येताना नेगीनं दोनदा विचारलं, तब्येत बरी नाही का.

मग पावसात दरड कोसळली. रस्ता आमच्या खालच्या बाजूला पार वाहून गेला. स्फोटकांचा ट्रक पलीकडे अडकला, बोगद्याचं काम बंद पडलं. इंजिनियर लोक मेसमध्ये पत्ते खेळत बसले. मी खोलीत पडून फोनमध्ये न ऐकलेलं काही शिल्लक आहे का ते पाहत होते. एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग होतं. दुपारची वेळ. पत्र्यावर पाऊस. मी लावलं.

भजन चांगलं रंगलं होतं. आवाज जरा एका बाजूला कललेला, पण घरघर नव्हती. शेवटचा गजर झाला, टाळ थांबले, कुणीतरी खाकरलं. इथं रेकॉर्डिंग संपायला हवं होतं. संपलं नाही.

"झालं, जयसिंगराव," कुणीतरी म्हणालं.

काही नाही. सतरंजी गोळा केल्याचा आवाज.

"अहो जयसिंगराव! संपलं. बंद करा की."

कुणीतरी हसलं. मग लांबून एक म्हातारा आवाज आला, दटावल्यासारखा. "अरे वरडतोस काय त्याच्यावर? त्याला कुठं ऐकू येतंय? खांद्याला हात लाव."

पावलं माइकजवळ आली. आणि मग जयसिंग बोलला. तीन वर्षांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. कुणीतरी नदीपलीकडे उभं असावं आणि त्याला हाक मारावी, इतक्या मोठ्यानं तो म्हणाला, "झालं होय?"

तिथं ते तुटलं.

मी उठून बसले. पुन्हा लावलं. त्याला कुठं ऐकू येतंय. पुन्हा लावलं. कितीदा ते मला सांगता येणार नाही. बाहेर आले तेव्हा पाऊस थांबलेला होता आणि नेगी जीपच्या टपावरचं पाणी झटकत होता.

"रस्ता कधी उघडेल?"

"चार दिवस, आठ दिवस. काय सांगावं मॅडम. का?"

"मला फोन करायचाय. घरी."

"घरी कुणी आजारी आहे?"

मी हो म्हटलं. घर म्हणजे कुठलं, हे त्यानं विचारलं नाही ते बरं झालं.

ते दिवस कसे काढले ते आठवलं तरी नको वाटतं. त्या दरीत एकही माणूस असा नव्हता की ज्याच्यापाशी बसून म्हणावं, माझा नवरा बहिरा झालाय. नवरा म्हणायचा हक्क नव्हता, आणि दुसरं काय म्हणायचं ते सुचत नव्हतं. मी हातोडी घेऊन बंद बोगद्यात जायचे आणि कारण नसताना भिंतीवर ठोकत फिरायचे. खडक घट्ट असला की हातोडी खणकन वाजते. पोकळ असला की नुसतं भद्द. आमच्या कामात कानावर बरंच असतं. मी कानांत कापसाचे बोळे दाबून ठोकून पाहिलं. हाताला हादरा कळला. घट्ट की पोकळ ते कळलं नाही.

रस्ता उघडला त्या दिवशी मी रजा टाकून निघाले. रामपूरला फोनला रेंज आली. जयसिंगचा नंबर काढला आणि लक्षात आलं की आता ह्या नंबरवर फोन करून काय उपयोग. तशीच पुढे गेले.

कऱ्हाडला पोचले तेव्हा सकाळ होती. दार उघडंच होतं. आक्का अंगणात पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. आधीपेक्षा बारीक झाल्या होत्या. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"कोण? वैजू?"

"हो, आक्का."

"अगं बाई." त्या उठायला लागल्या, ओच्यातल्या शेंगा सांडल्या. "ये की. उभी का अशी पावण्यावाणी? कुणी सांगितलं तुला?"

"त्यानंच."

"जयानं? काहीतरीच. मला शपथ घातलीय त्यानं, तिला कळवायचं नाही म्हणून."

"असू दे. कुठंय?"

त्यांनी मागच्या खोलीकडे मान हलवली.

तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. दाराकडे पाठ. कानांवर हेडफोन नव्हते, बाकी सगळं तसंच होतं. कपाटावर डबा गुणगुणत होता. ह्याच उंबऱ्यावर उभी राहून मी किती वेळा हाक मारली होती आणि वळला नाही म्हणून परत गेले होते. मी आताही हाक मारली. माहीत असून मारली. मग आत गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

त्याला आक्का वाटल्या असाव्यात. "जेवायला इतक्यात?" असं म्हणत तो वळला, आणि उभाच राहिला.

"वैजू," तो म्हणाला. फार मोठ्यानं. अंगणापर्यंत गेलं असेल.

मी काहीतरी बोलले. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मान हलवली. "फोनवर लिही. ओठ अजून नीट वाचता येत नाहीत मला. आक्काचे येतात, तिला दात नाहीत तरी."

मी लिहिलं, कधीपासून?

"दीड वर्ष होईल. आधी डावा. मग ह्या वर्षी उजवाही." हवापाण्याचं सांगावं तसं सांगितलं त्यानं. "मशीन लावून पाहिलं कानात. नुसता पत्रा ओढल्यासारखा आवाज येतो, शब्द नाही. ठेवून दिलं. तुला कसं कळलं?"

मी लिहिलं, भजनाच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी लोक तुला हाका मारतायत. कुणीतरी म्हणतंय, त्याला ऐकू येत नाही.

त्यानं ते वाचलं. मग वळून स्क्रीनवर ते रेकॉर्डिंग शोधून काढलं. पडद्यावर हिरव्या लाटा उमटल्या, दाट, उंचसखल. तो अगदी शेवटाला गेला आणि एका लहानशा पुंजक्यावर बोट ठेवलं.

"हे?"

मी पिशवीतले माझे इअरफोन त्याच्या कॉम्प्युटरला लावले, ऐकून पाहिलं, मान डोलावली.

"मला वाटलं टाळ आहेत," तो म्हणाला.

मी समजले. तो लाटा बघून कापत होता. लाट उठली की गाणं सुरू, लाट बसली की संपलं. ज्या बाईनं हलक्या आवाजात पहिला शब्द घेतला, तिची लाट उठलीच नव्हती, म्हणून तो शब्द गेला होता.

"बाकीची कशी आहेत?" त्यानं विचारलं. "ह्या वर्षातली."

आक्का दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले, सांगू नको म्हणून.

"तिच्याकडे बघू नकोस. लिही. खरं लिही."

मी लिहिलं. सनईच्या मागे घरघर आहे. अभंगाचा पहिला शब्द कापला गेलाय. बँड फाटलाय. एक-दोन बरी आहेत. एवढं लिहून त्याच्या हातात फोन दिला. ज्या माणसानं शेजाऱ्यांच्या पंख्यात तेल घातलं होतं, त्याला दुसरं काय लिहून देणार?

वाचून त्यानं फोन टेबलावर पालथा ठेवला. "मंडळवाले म्हणतात छान आलंय. सगळेच म्हणतात."

मी फोन घेऊन लिहिलं, त्यांची माया आहे तुझ्यावर.

"आणि तू?" तो म्हणाला, आणि लगेच, "राहू दे."

मग तो स्टुलावर चढला, कपाटामागे हात घातला आणि बटण बंद केलं. डब्याची गुणगुण थांबली. इतकी वर्षं ती त्या घरात चालू होती की थांबल्यावर खोली मोठी झाल्यासारखी वाटली. त्याला त्यातलं काही कळलं नसणार. "कुणाला त्रास नको," एवढं म्हणून त्यानं चपला घातल्या आणि बाहेर गेला.

आक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. "कशाला सांगितलंस गं? एवढं एकच तर राहिलं होतं त्याला."

"त्यानं खरं विचारलं, आक्का."

"विचारू दे. माणूस विचारतो. आपण सगळंच सांगावं होय?"

मी त्यांच्या शेजारी बसले. मग त्यांनीच सगळं सांगितलं. डावा कान आधीच गेला होता. मग ताप आला, उतरला आणि सकाळी उठून म्हणाला, आक्का, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं काय? घड्याळ चालू होतं. मग सातारा, पुणे, डॉक्टर, इंजेक्शनं. स्टुडिओचं काम गेलं. तो लोकांच्या घरची वायरिंग करायला लागला. भजनी मंडळांनी तेवढं सोडलं नाही, बोलवत राहिली. तोही जात राहिला.

"मला कळवलं का नाही?"

"मी म्हटलं ना त्याला. तर म्हणाला, कळवलं तर ती नोकरी सोडून येईल, न्हायतर येणार न्हाई. मला दोन्ही नको."

"मग ही गाणी कशाला टाकत राहिला डब्यात? स्वतःला ऐकू येत नाही, मी सोडून दुसरं कुणी ऐकणारं नाही."

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, शिकलेल्या बाईला एवढंही कळू नये, अशा नजरेनं. "अगं, तू उतरवून घेतलंस की त्याला तिथं दिसतं. सकाळी उठून तेच बघतो आधी. वैजूनं सनई उतरवली, म्हणतो. म्हणजे रामपूरला आली होती. म्हणजे बरी आहे. मग चहा पितो. मधे तुझं महिनाभर काही आलं न्हाई तर पेपरात दरडीच्या बातम्या धुंडत बसला होता." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "नवीन काही टाकलं न्हाई तर तू कशाला येशील उतरवायला? म्हणून टाकतो. दुसरं काय."

मी बंद पडलेल्या डब्याकडे पाहत बसले. लॉजच्या खोलीत एकटी बसून मी बोटानं एकेक गाणं निवडत होते, आणि इथं कुणीतरी ते पाहून चहा प्यायला उठत होतं. हे मला तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

दुपार कलली तरी तो आला नाही. आक्का म्हणाल्या, घाटावर बसला असेल, कृष्णा-कोयनेच्या संगमावर. जाऊ नकोस, येईल. आम्ही दोघी न जेवता बसलो. मला खात्री वाटायला लागली होती की मी इतक्या लांबून येऊन एका माणसाचं शेवटचं काहीतरी मोडून टाकलंय.

तो आला. हातपाय धुतले, टॉवेलला पुसत माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"ती सनईतली घरघर. कशी आहे? भोवऱ्यासारखी, का दळणासारखी?"

मी लिहिलं, दळणासारखी. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकसारखी.

त्यानं कपाळावर हात मारला. "गिरणी! देवळाच्या मागच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. मंगळवारी बंद असते म्हणून मंगळवारी गेलो होतो." मग तो हसायला लागला. मोठ्यानं, स्वतःचा आवाज माहीत नसलेल्या माणसासारखा. "सणाची चालू असणार. श्रावण होता."

मलाही हसू आलं. आक्कांना काय चाललंय कळेना. त्या म्हणाल्या, आधी जेवा.

जेवण झाल्यावर तो स्टुलावर चढला आणि डबा चालू केला. मला आपल्या खुर्चीवर बसवलं, स्वतः बाजूला स्टूल ओढलं. खुंटीवरचे हेडफोन काढले, त्यांच्यावरची धूळ झटकली आणि माझ्या डोक्यावर चढवले. पट्टी माझ्या मापाची करून दिली.

"पहिला शब्द जिथं येतो तिथं बोट वर कर," तो म्हणाला. "मूळ रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. मी पुन्हा कापतो."

मी ऐकत होते, तो माझ्या बोटाकडे बघत होता. बोट वर झालं की खूण करायचा. मध्येच थांबवून विचारायचा, पखवाज कसा येतोय? मी लिहायचे, घागरीत वाजवल्यासारखा. मग तो काहीतरी फिरवायचा. आता? आता घागर फुटली. आता? आता बरा. लग्न होऊन इतकी वर्षं मी त्या खोलीत एवढा वेळ कधी बसले नव्हते. सनईचं मात्र काही करता आलं नाही. गिरणी निघेना. शेवटी तो म्हणाला, राहू दे, त्या दिवशी गिरणी होती तर होती.

मी चार दिवस राहिले. पुढचं फार काही नाही. आम्ही पुन्हा लग्न केलं नाही. लोकांनी विचारलं, माझ्या बहिणीनं तर फारच विचारलं. पण मला डोंगर सोडवत नव्हते आणि त्यालाही ते नको होतं. मी परत गेले, मग सिक्कीमला, मग आणखी कुठं. तो रेकॉर्ड करत राहिला. न कापलेलं डब्यात टाकायचा, मी कॅम्पवर ऐकून कुठं काय ते लिहून ठेवायचे आणि नेट मिळालं की पाठवायचे. एखाद्या गाण्यावर जास्तच लिहायचे, वाजवणाऱ्याचा श्वास कुठं लागला, मागे कुठलं पाखरू ओरडलं, असलं. त्यावर त्याचं उत्तर एकाच शब्दाचं यायचं. कळलं. आक्का गेल्या. मी आता पुण्यात असते. एकटीच असते. तोही तिकडे एकटाच आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांची सवयही झाली आहे.

पण मला सांगायचं होतं ते मी निघाले त्या सकाळचं.

माझी पिशवी भरून दारात ठेवलेली होती. बसला वेळ होता. जयसिंगनं मला मागच्या खोलीत बोलावलं. माइक स्टँडवर लावलेला होता, त्याच्यासमोर खुर्ची.

"बस. बोल."

काय बोलू, असं मी हातानं विचारलं.

"काहीही. मला दिसतं." त्यानं पडदा आपल्याकडे वळवून घेतला. "तुझा आवाज कसा दिसतो ते बघायचंय. कधी घेतलाच नाही मी."

मी बसले. आधी नदीचं बोलले, पत्र्याच्या खोलीचं, नेगीचं, जीपमध्ये बसून सनई ऐकली त्याचं. पडद्यावर हिरवी लाट उठत होती, बसत होती. तो पुढे झुकून बघत होता, पूर्वी ऐकताना बसायचा तसाच. मी थांबले की रेघ सपाट व्हायची आणि तो हातानं खूण करायचा, चालू दे. मग माझ्याजवळचं सांगण्यासारखं संपलं. आणि मी ते बोलायला लागले, जे त्या उंबऱ्यावरून परत जाताना दर वेळी माझ्याबरोबर परत गेलं होतं. ते इथं लिहीत नाही. त्याला ऐकू येत नव्हतं म्हणून बोलता आलं, की माझ्या आवाजावरून त्याची नजर हलत नव्हती म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माझा आवाज लहान झाला असावा, कारण त्यानं बोट वर करून खूण केली, जरा मोठ्यानं. मी मोठ्यानं बोलले.

मध्येच त्यानं हात वर केला. कपाळाला आठी होती.

"आक्का भांडी तर वाजवत नाहीये ना आत?"

मी कान दिला. स्वयंपाकघरात सगळं थांबलेलं होतं. नळसुद्धा बंद होता.

मी मान हलवली.

"मग बोल," तो म्हणाला.